कलवडीत काठी घालायची नाही

आमच्या घरात बायकांसाठी नियम पुष्कळ होते. त्यातला सगळ्यात खुळा नियम कलवडीचा.

कलवड म्हणजे गवऱ्या एकावर एक रचून, वरून उसाचं पाचट पांघरून, शेणाने लिंपलेली रास. पावसाळाभर चूल पेटती ठेवायची तर ती लागतेच. खाली एका अंगाला हात जाईल एवढं तोंड ठेवायचं आणि लागतील तशा गवऱ्या तिथून काढायच्या. आमची कलवड गोठ्याच्या मागे, बांधाला लागून होती, पुरुषभर उंचीची. तिच्यात राखणदार राहतो, असं माझे सासरे सांगायचे. त्यांचं नाव उत्तमराव, पण सगळी वस्ती त्यांना आण्णा म्हणे.

राखणदार म्हणजे नाग. आण्णांच्या आज्याचा आजा गेला तेव्हा त्याचा जीव ह्या जमिनीत अडकला आणि तो नाग होऊन राहिला. आण्णांनी लहानपणी त्याला फणा काढलेला बघितला होता. मी लग्न होऊन आले तेव्हा तो फणा तळहाताएवढा होता. माझी पोरं शाळेत जायला लागली तोवर सुपाएवढा झाला. त्यानंतर कुणाला तो दिसला नाही, पण त्यामुळे काही अडत नव्हतं.

तर नियम असा, की कलवडीत काठी घालायची नाही. जुन्या माणसाला टोचलं तर? खराटा नाही, चिमटा नाही, विळ्याचं तर नावच नको. मोकळा हात घालायचा. घालताना मनात म्हणायचं, नागोबा, बाजूला व्हा, सून आली. तो घरच्या माणसाला डसत नाही.

घरचं माणूस कोण कोण, हे कधी कुणी नीट सांगितलं नाही. आण्णांनी उभ्या आयुष्यात त्या कलवडीतून एक गवरी काढली नव्हती. माझ्या नवऱ्यानं, श्रीमंतनं, काढली नव्हती. धाकट्या दिरानं, गोरखनं, काढली नव्हती. ज्यांचा तो आजा, ते ओट्यावर बसून चहाची वाट बघायचे. हात घालायला आम्ही, परक्या घरातून आणलेल्या.

एक आधीच सांगून टाकते. माझं जनावरांशी भांडण नाही. कॅनॉलचं पाणी आलं, ऊस आला, उसामागे उंदीर आले आणि उंदरांमागे ती आली. त्यांचं काय चुकलं? कणगीमागे एक धामण होती, तिच्यामुळे आमची ज्वारी वाचायची. मी तिला कधी हाकललं नाही. चपला झटकून घालायच्या, अंथरूण झटकून टाकायचं, दगड उचलायचा तर पलीकडच्या बाजूने उचलायचा, हे आमच्या पोरांना चालायला येण्याआधी येतं. गोठ्यातली कोळिष्टकं मी दिवाळीलासुद्धा काढत नसे. माश्यांचा बंदोबस्त फुकटात होत असेल तर बिघडलं कुठं?

कोळ्याचा तर आमच्यावर फार मोठा उपकार होता. माझी सासू भागिरथीबाई, आम्ही सुना त्यांना आत्याबाई म्हणायचो, त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात बाजूला घेऊन शिकवलं होतं. कलवडीच्या तोंडाला कोळी रोज रात्री जाळं विणतो. सकाळी आधी जाळं बघ. अखंड असलं तर रात्रीतून कुणी आत गेलं नाही, घाल हात. तुटलेलं असलं तर तिथं जाऊ नको, वरच्या अंगाने दोन गवऱ्या उचकट आणि भागव. हे आण्णांना माहीत नव्हतं. त्यांचा भरवसा नागावर, आमचा कोळ्यावर. आता, आत आधीपासूनच कुणी मुक्कामाला असेल तर कोळी बिचारा काय सांगणार, हे मनात यायचंच. ते मनातून काढून टाकायचं आणि हात घालायचा. चहा तर करायचाच असतो.

धाकटी जाऊ जयमाला त्र्याण्णवच्या वैशाखात आली. माहेर शेवगावचं. वडील राधाकृष्ण टेलर, बाजारतळाजवळ त्यांचं दुकान. घरी गॅसची शेगडी होती. आल्याच्या दुसऱ्या दिवशी मी तिला कलवडीपाशी नेलं तर ती म्हणाली, "बाई, तुमच्याकडे लांब चिमटा नाही का?" ते बोलणं ओट्यापर्यंत गेलं आणि चार दिवस वस्तीवर तिचीच गंमत चालली. आण्णा म्हणाले, शेवगावची माणसं देवालासुद्धा चिमट्यानं धरत असतील. सगळे हसले. मीही हसले असेन. तिने मात्र ओठ आवळून हात घातला, गवऱ्या काढल्या आणि नंतर न्हाणीत जाऊन बराच वेळ हात धूत बसली. मी तिला जाळ्याचं शिकवलं. तिला ते आवडलं. रोज सकाळी येऊन सांगायची, बाई, आज शाबूत आहे. जसं काही मालाच्या भावाची बातमी आणली.

आषाढात दोन दिवस झड लागली. वाऱ्यापावसाने कलवडीवरचं पाचट उडालं आणि तोंडावरचं जाळं धुऊन गेलं. सगळीकडचीच जाळी गेली होती. म्हणजे त्या दिवशी बघायला काही नव्हतंच. दुपारी दूध तापवायला गवऱ्या कमी पडल्या म्हणून जयमाला गेली आणि लगेच परत आली. ओरडली नाही, काही नाही. उजवा हात डाव्या हातात धरला होता. म्हणाली, "बाई, काहीतरी लागलं."

अंगठ्याजवळच्या बोटावर दोन ठिपके होते. त्यातून रक्ताची धार लागली होती आणि ती थांबत नव्हती.

गोरख सडकेकडे पळाला. दुधाचा टेम्पो यायची ती वेळ होती. आण्णा ओट्यावरून उठले आणि म्हणाले, टेम्पो नको. राखणदारानं हात धरलाय, राखणदारच सोडवील. जयमालाला देव्हाऱ्यापुढे बसवलं. तोंडात लिंबाचा पाला दिला, कडू लागतो का बघायला. कडू लागतो म्हणाली, तर विष चढलं नाही म्हणून सगळ्यांनी माना डोलावल्या. हात तोवर मनगटापर्यंत सुजून बांगड्या रुतल्या होत्या. मी श्रीमंतला म्हणाले, अहो, काहीतरी बोला. श्रीमंत छताकडे बघत होता. त्याच्या आईबापांनी त्याचं नाव श्रीमंत ठेवलं, त्याऐवजी धीट ठेवायचं.

टेम्पो सडकेला उभा होता आणि आण्णा अंगाऱ्याची चिमूट घेऊन मंत्र पुटपुटत होते. तेवढ्यात जयमाला उठायला गेली आणि आत्याबाईंना तिच्या लुगड्यावर मागे डाग दिसला. लाल, ओला. त्या म्हणाल्या, "आगं बया, ही तर बाहेरची हाय. बाहेरची आसून कलवडीत हात घातला व्हय गं?"

बाहेरची म्हणजे पाळी आलेली. आण्णांनी अंगाऱ्याचा हात असा मागे घेतला जणू निखारा धरलाय. विटाळशीला अंगारा लावता येत नाही. विटाळशीला देव्हाऱ्यापुढे बसवता येत नाही. ते चार पावलं मागे सरले, भिंतीला टेकले आणि म्हणाले, भाईर काडा तिला आधी.

त्यांचं एवढं मागे सरणं मला पुरेसं होतं. मी तिला काखेत धरून उचललं आणि सडकेकडे ओढत नेलं. टेम्पोत दुधाच्या कॅनांच्या मध्ये मी बसले, तिला मांडीवर घेतलं. ज्या विटाळाने तिचं नाव घालवलं, त्याच विटाळाने तिचा जीव वाचवला. नाहीतर आण्णा दिवस बुडेपर्यंत अंगारा लावत बसले असते.

शेवगावच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी हात बघितला, मग अंगठ्याने जयमालाचा वरचा ओठ उचलला आणि मला म्हणाल्या, हे बघा. हिरड्यांतून रक्त येत होतं. दाताच्या प्रत्येक फटीतून. त्या म्हणाल्या, ही घोणस आहे, नाग नव्हे. हिचं विष रक्त पातळ करतं, मग ते वाट मिळेल तिथून येतं. नाकातून येतं, लघवीतून येतं, सगळीकडून येतं. मी विचारलं, आणि खालून? त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, खालूनही येतं, का येणार नाही?

मला तिथेच हसायला आलं, रडायचं सोडून. जयमालाची पाळी येऊन आठ दिवसही झाले नव्हते. न्हाणीत कडू लिंबाची पानं टाकून तिचं पाणी मीच तापवलं होतं. ते मला त्या वेळी देव्हाऱ्यापुढे आठवलंच नाही, एवढी सगळ्यांची खात्री होती.

ती जगली. इंजेक्शनावर इंजेक्शनं दिली, रात्रंदिवस लक्ष ठेवलं, म्हणून जगली. अंगठ्याजवळचं बोट काळं पडलं, ते काढावं लागलं. बाकीची बोटं वळून राहिली, मिटेनात. दवाखान्यातून ती माहेरी गेली.

मी घरी येऊन सगळं सांगितलं. नाग नाही, घोणस. पाळी नाही, विष. आण्णांनी पहिलं ऐकलं आणि तेवढ्यावरच थोडा वेळ विचार केला. मग म्हणाले, बरोबर हाय, विटाळशीला तो सोता कशाला तोंड लावंल? त्यानं घोणस धाडली.

मी भांडी घासायला गेले. त्या दिवशी एका पातेल्याची कल्हई उडाली.

पुढच्या दिवसांत सगळ्या वस्तीला ते ठाऊक झालं. पिठाच्या गिरणीत चांगुणा भेटली. आमच्या शेजारची, जिभेला हाड नसलेली बाई, पण मनाने वाईट नाही. म्हणाली, पुष्पावती, तुझ्या जावंला समजत न्हवतं का गं, चार दिस थांबली आसती तर काय हुतं? मी तिला हिरड्यांचं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, आसंल बाई, डाक्टर लोक काय बी सांगत्यात. मग आण्णांनी ठरवलं, आणि आत्याबाईंच्या हाती शेवगावला निरोप धाडला. नागपंचमीला जयमालानं परत यावं. वारुळाला सगळ्या बायका जमतात, तिथं त्यांच्यासमोर नारळ फोडावा आणि म्हणावं, मी विटाळात हात घातला, माझं चुकलं, पदरात घ्या. म्हटलं तर घरात घ्यायची. न म्हटलं तर राधाकृष्ण टेलरनं लेक ठेवून घ्यावी.

गोरखला विचारलं तर तो पायाच्या अंगठ्याने माती उकरत म्हणाला, "आण्णा म्हनत्यात तसं." तरण्याताठ्या पोराच्या तोंडी ते ऐकून मला त्याची दया आली आणि एक ठेवून द्यावीशीही वाटली.

मी शेवगावला गेले. जयमाला पाटावर बसून डाव्या हाताने भात खायला शिकत होती. शितं चौफेर सांडली होती. तिचे वडील बाहेरच्या खोलीत मशीन चालवत होते. मी आले तेव्हा त्यांनी नमस्कार केला आणि परत मशीनीवर वाकले. पायडल इतक्या जोराने मारत होते की बोलणं ऐकू येईना. मी तिच्याजवळ बसले. मला वाटलं होतं ती रडेल, शिव्या देईल, नांदणार नाही म्हणेल. ती म्हणाली, "बाई, मी म्हणून टाकते."

"काय म्हनून टाकतीस?"

"तेच. विटाळात होते म्हणून. काय जातंय माझं? एकदा म्हटलं की मिटलं. अशा हाताची बाई माहेरी किती दिवस ठेवणार?"

"आगं, पर खोटं हाय ते."

"मला माहीत आहे खोटं आहे. तुम्हाला माहीत आहे. बाकी कुणाला काय पडलंय?" मग ती म्हणाली, "फक्त मला कलवडीत परत हात घालायला नका सांगू."

एस.टी.त परत येताना मी तिच्या ‘म्हणून टाकते’ ह्या एका वाक्यावर जळत होते. बोट गेलेली पोर माफी मागायला तयार होती, आणि तेही न रडता. एकदा तिने ते वारुळापुढे म्हटलं की ते कायमचं खरं होणार होतं. तिच्या पोरीबाळींना सांगितलं जाणार होतं. पुढच्या सुनेला कलवडीपाशी उभं करून कुणीतरी सांगणार होतं, तुझी चुलतसासू बघ, विटाळात हात घातला आणि बोट घालवून बसली. म्हणून तू नीट राहा. आणि काठी घालू नको. ते जयमालाला म्हणू द्यायचं नव्हतं, मग काय वाटेल ते होवो.

नागपंचमीच्या आदल्या दिवशी आमच्याकडे बायका भावाचा उपास धरतात. भाऊ म्हणजे नाग. आपल्याला सख्खा भाऊ असो नसो, त्याच्यासाठी धरायचा. त्या सकाळी मी उठले, सडा टाकला, गोठा झाडला आणि चुलीपुढे बसून राहिले. जयमाला गेल्यापासून गवऱ्या आत्याबाई काढत होत्या. न बोलता. माझ्याआधी उठून जायच्या, पाटी भरून आणून ठेवायच्या. त्या दिवशीही त्या पाटी घेऊन निघाल्या, तशी मी उठून त्यांच्या हातातून पाटी काढून घेतली. त्यांनी माझ्याकडे बघितलं. पाटी परत मागितली नाही.

ऊन वर आलं. ओट्यावरून आण्णांनी चहा मागितला. परत मागितला. मग मी पाटी घेऊन बाहेर आले. श्रीमंत आणि गोरख बैलांपाशी होते. चांगुणा विरजण मागायला आली होती, ती पायरीवरच उभी राहिली. अशा वेळी ती हलत नाही.

मी पाटी आण्णांच्या पायापाशी ठेवली. म्हणाले, "आण्णा, आज गवऱ्या तुमी काडा."

त्यांना वाटलं, माझं डोकं फिरलं. श्रीमंत म्हणाला, पुष्पे, सणाचं काय काडलंस हे? मी त्याच्याकडे बघितलंही नाही.

"राखनदार घरच्या रगताला डसत न्हाई, ह्ये तुमीच सांगता," मी म्हणाले. "त्याच्या रगताचे तुमी तिघं हाये. आमी भाईरून आनलेल्या. त्याला आमची वळख न्हाई, म्हनून घोटाळा हुतो. तुमाला तर त्यो वळखंल."

आण्णा म्हणाले, ती बाहेरची हुती म्हनून झालं. उगा फाटे फोडू नको.

मग मात्र मला आवरलं नाही. त्या घरात सासऱ्यासमोर सुनेने तो शब्द कधी उच्चारला नव्हता. माझ्या आईनेही कधी मोठ्याने उच्चारला नसेल.

"तिच्या हिरड्यांतनं रगत येत हुतं, आण्णा. डॉक्टरीनबाईनी व्हट उचलून मला दावलं. दाताच्या फटीफटीतनं. तोंडाला बी पाळी येती का?"

गोरखच्या हातातला कासरा खाली पडला. चांगुणाने पदर तोंडाला लावला. आण्णांचं तोंड आधी लाल झालं, मग त्यांनी इकडेतिकडे बघितलं, की हे कुणी कुणी ऐकलं. सगळ्यांनीच ऐकलं होतं. ते उठले. पाटी उचलली. आता मागे फिरायची सोय नव्हती, ते त्यांनाही कळत होतं. धोतराचा सोगा खोचून ते गोठ्यामागे गेले आणि आम्ही सगळे त्यांच्या मागे.

कलवडीच्या तोंडावर जाळं होतं. अखंड, मध्ये कोळी बसलेला. आत्याबाईंनी आणि मी एकमेकींकडे बघितलं. आम्ही असतो तर घातला असता हात. पण आण्णांना ते वाचता येत नव्हतं. त्यांना फक्त एक काळं भोक दिसत होतं. ते खाली बसले. हात पुढे केला. हात जाळ्यापर्यंत गेला आणि थांबला. एवढा मोठा माणूस, पंचायतीत बोलायला उभा राहिला की लोक खोकायचे थांबतात, त्याचा हात वीतभर पुढे सरकेना. ते तसेच बसले होते आणि मानेवरून घाम उतरत होता. मला वाटलं होतं मला बरं वाटेल. तसं काही वाटलं नाही. हा हात रोज आम्ही घालत होतो, एवढंच डोक्यात येत राहिलं.

मग ते मागे न बघता हळूच म्हणाले, "गोरख, काठी आन."

गोरख हलला नाही. कुणीच हललं नाही.

"काठी?" मी म्हणाले. "जुन्या मानसाला टोचंल की."

आत्याबाई निघून गेल्या. मला वाटलं, त्यांना हे बघवलं नाही. पण त्या गोठ्यातून काठी घेऊन आल्या आणि नवऱ्याच्या पुढ्यात टाकली. म्हणाल्या, "घ्या. मी ह्या घरात आले तवापासनं मोकळा हात घातला. रोज घालताना वाटायचं, आज न्हाई, उद्या. तुमाला कदी सांगितलं न्हाई. इचारलंच न्हाई कुनी."

आण्णांनी काठी उचलली नाही. उठले, पाटी तिथेच ठेवली आणि उसाच्या बांधाने मळ्याकडे निघून गेले. चूक झाली, असं ते म्हणाले नाहीत. पुढेही कधी म्हणाले नाहीत. मेले तेव्हाही म्हणाले नव्हते.

त्यांची पाठ दिसेनाशी झाल्यावर श्रीमंतने लांब दांड्याचं दाताळं आणलं. माझ्याकडे न बघता, जणू हे त्याच्याच मनात होतं, अशा तोऱ्यात. दोघा भावांनी मिळून कलवड पार मोडली. आत उंदरांची बिळं निघाली, कोळ्यांची पांढरी अंडी निघाली, एक विंचू निघाला. नाग नव्हता. घोणसही नव्हती. ती कधीच दुसरीकडे गेली असणार. चांगुणा सगळं बघून विरजण न घेताच घरी गेली, एवढी तिला घाई झाली होती. गवऱ्या मग दगडांच्या उंच ओट्यावर, चारी बाजूंनी मोकळ्या रचायच्या ठरल्या. कुणी ठरवलं, ते कुणी बोललं नाही. गोरखने सायकल काढली आणि कुणाला न विचारता शेवगावला गेला.

संध्याकाळी जयमाला आली. आण्णांनी तिला बघितलं, पण वारुळापुढे म्हणायचं की नाही, ह्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. म्हणजे त्यांनी सांगितलेलं तसंच लोंबकळत राहिलं. वस्तीला ते माहीत होतंच. जयमाला चूल फुंकता फुंकता मला म्हणाली, बाई, जमल्यात सगळ्या तर मी म्हणते आणि मोकळी होते. मी म्हणाले, तू तोंड उघडलंस तर मी तुझ्या तोंडावर हात ठेवीन. ती हसली. मी गंमत करत नव्हते.

नागपंचमीला सकाळी नवी लुगडी नेसून, लाह्या-दुधाची ताटं घेऊन आम्ही वारुळाला गेलो. एरवी येतात त्यापेक्षा जास्त बायका आल्या होत्या. झोका सोडून पोरीसुद्धा आल्या होत्या. ताटं हातात धरून सगळ्या वाट बघत होत्या. जयमाला पुढे झाली. तिने डोक्यावरून पदर घेतला आणि तोंड उघडलं. मी पाऊल टाकलं, तेवढ्यात आत्याबाई मध्ये आल्या. नारळ तिच्या हातातून घेतला आणि दगडावर स्वतः फोडला.

"नागोबा," त्या वारुळाला म्हणाल्या, "ही बाहेरची न्हवती. ती हाय आसं मी म्हनले. ते इखाचं रगत हुतं. माजं चुकलं."

मग त्या वळल्या. म्हातारीचा आवाज कापत होता, पण मोठा होता. "आईकलं का समद्यांनी? आता घरी जाऊन सांगा. इटाळाचं बी घरोघर सांगितलं हुतं ना."

चांगुणा उगाच ताटातल्या लाह्या सारख्या करत होती. मला आत्याबाईंना मिठी मारावीशी वाटली, आणि त्याच वेळी म्हणावंसं वाटलं, की आत्याबाई, त्या दिवशी देव्हाऱ्यापुढे जरा गप्प बसला असता तर? दोन्हीतलं काहीच केलं नाही. राग माझ्या छातीत तसाच होता, आणि अजून आहे. ज्याने माफी मागायला हवी होती, तो त्या वेळी उसाला पाणी देत होता.

जयमालाने लाह्या घ्यायला हात पुढे केला. उजवा हात तिच्या अंगाशी मिटून होता. डाव्या हाताने तिने मूठ भरली आणि वारुळावर वाहिली. मागून एक म्हातारी हळूच म्हणाली, "पोरी, देवाला उजव्या हातानं व्हावं गं."

मी वळून बघितलं.

"त्याला म्हाईत हाय," मी म्हणाले, "उजव्याचं काय झालं ते."